विलायती कोंबडीचे डोळे

लालबागला मसाल्याच्या गल्लीमागे गणपतींचा एक जुना कारखाना आहे. तिथे जाऊन धोंडूकाका कुठे बसतात असं विचारलं, तर माणसं आधी स्वतःच्या डोळ्याला बोट लावतात आणि मग कोपऱ्याकडे दाखवतात. मूर्तीचे डोळे काढायचे त्याला कारखान्यात आखणी म्हणतात. अंग काय, कोणीही रंगवेल. पितांबराला सोनेरी कोणीही मारेल. पण आखणी एकाच हाताची, आणि चाळीस वर्षं तो हात धोंडूकाकांचा. त्यांनी उघडलेले डोळे कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतात. आणि बघतात तेही कसे, तर काय रे, जेवलास का, असं विचारल्यासारखे.

आखणीचा ब्रश काकांच्या हातात दिला तो कारखान्याच्या अप्पांनी. अप्पा मोठे खट माणूस. तीन वर्षं नुसत्या पाटीवर डोळे काढून घेतले आणि मग एका अक्षय्यतृतीयेला समोर बसवून एकच अट घातली. डोळे उघडणाऱ्या हाताने कोणाचे डोळे मिटवायचे नाहीत. कोंबडं कापायचं नाही, मासा साफ करायचा नाही, उंदराचा पिंजरासुद्धा लावायचा नाही. काका तेव्हा चोविसाचे. त्याच आठवड्यात त्यांनी तुळशीची माळ घातली.

आता मालवणी घरात माळ घालायची म्हणजे काय गंमत आहे होय! बकुळाकाकूंनी तव्यावर सुरमई टाकली की काका आपलं ताट घेऊन खिडकीत बसायचे आणि वरणभात जेवायचे. काकू शेजारणींना सांगायच्या, देवाने नवरा दिला तोही बिनकाट्याचा. पण त्यांनी काकांचं भांडं कधी माशाच्या भांड्यात मिसळू दिलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

काकांना मूलबाळ नाही. अप्पा गेले तेव्हा त्यांचा मुलगा हेरंब अकरा वर्षांचा होता. कारखाना चालवला काकांनी, आणि पोराला वाढवलं तेही त्यांनीच म्हटलं तरी चालेल. माती मळायला, साचा सोडवायला, स्प्रे धरायला त्याला सगळं शिकवलं. हेरंब हुशार. बोलायला तर असा गोड की मंडळाची भांडकुदळ पोरंसुद्धा त्याच्यापुढे चहा पिऊन परत जायची. एकच गोष्ट त्याला आली नाही. त्याने पाटीवर डोळा काढला की काका हसायचे. "बघ पोरा, हा घाबरलाय. ही वरची पापणी बघ, केसभर चढली. गेला बिचारा." पोरगा पुसायचा, पुन्हा काढायचा. काका पुन्हा सांगायचे. कंटाळले म्हणून कधी नाहीत.

दिवाळी झाली की कारखान्यात शुकशुकाट. माघी गणपतीच्या चारसहा मूर्ती सोडल्या तर उन्हाळ्यापर्यंत काम नाही. कारागीर गावी जातात, आणि गेलेला माणूस परत येईलच असं आता राहिलं नाही. कुणी रिक्षा घेतो, कुणी लोअर परळला वॉचमन होतो. दोन वर्षांपूर्वी हेरंबने यावर तोड काढली. अमेरिकेतून पक्ष्यांची ऑर्डर आणली. तिकडे टर्की म्हणून मोठा पक्षी असतो, त्याच्या माद्या हव्या होत्या. फायबरच्या, अंगाने खऱ्याएवढ्या. कोणी मान खाली घालून चरतेय, कोणी जमिनीला पोट टेकून बसलीय. जोडीला थोडे कोवळे नर. कारखान्यात पहिल्याच दिवशी त्यांचं नाव पडलं विलायती कोंबड्या.

काकांनी विचारलं, हे लोक यांचं करतात काय? हेरंब म्हणाला, बागेत मांडतात. पोरं बघतात, म्हातारी माणसं खिडकीतून बघतात, जीव रमतो. फक्त एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितलीय, काका. मादी घाबरलेली दिसता कामा नये. अगदी निवांत हवी, आणि निवांत डोळा काढणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे.

स्तुती कुणाला आवडत नाही? काका हरखले. पण नुसतं हरखून काम होत नाही. टर्की त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. फोटोतला डोळा मेलेला, त्याच्यावरून काय काढणार? चार दिवस पाटीवर खाडाखोड चालली. मग त्यांना गावच्या घराच्या पडवीतली आईची कोंबडी आठवली. दुपारी मातीत अंग घुसळून झालं की ती तशीच बसून राहायची, आणि जवळ माणूस गेला तरी हलायची नाही. तिचा डोळा त्यांनी काढला. वरची पापणी किंचित उतरलेली, उजेडाचा ठिपका मधोमध नाही, जरा खालच्या अंगाला. हेरंबने फोटो पाठवला आणि तिकडून उलटटपाली होकार आला.

तर काका त्या कोंबड्यांचे डोळे उघडायला लागले, आणि कसे, तर मूर्तीचे उघडतात तसेच. सकाळी आंघोळ करून, तोंडात पाणीसुद्धा न घालता. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. ब्रश टेकवण्याआधी प्रत्येकीला मनात म्हणायचे, भिऊ नको गो बाय. बाकीचे कारागीर हसायचे. हेरंब हसायचा नाही. तो लांब उभा राहून बघायचा, आणि काकांना वाटायचं, पोराला किंमत कळते. पहिल्या साली दोनशे झाल्या. दुसऱ्या साली तीनशेची ऑर्डर आली, आणि तिच्याबरोबर निरोप आला की तुमच्या पक्ष्यांसारखे पक्षी आम्ही पाहिले नाहीत.

जानेवारीत तो तिकडचा साहेब स्वतः आला. माघी गणपतीला आठ दिवस होते. मंडळाची सात फुटी मूर्ती रंगून उभी होती, फक्त डोळे बाकी. कोंबड्याही साठेक राहिल्या होत्या. साहेब चांगला उंचापुरा, लालबुंद, घामाने निथळलेला. पण उंबऱ्याशी कोणी न सांगता त्याने बूट काढले आणि मूर्तीपुढे मान लववली. काकांना माणूस आवडला. डोळे काढणारा कोण, म्हणून त्याने विचारलं, आणि हेरंबने दाखवल्यावर काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ सोडला नाही. हेरंब म्हणत होता, साहेबांना उशीर होतोय, आपण वर ऑफिसात बसू. साहेब काही हलेना.

त्याने पिशवीतून एक खोका काढला. कोंबडी त्यातूनच विकली जाते म्हणे. वर काकांची सही हवी होती. काकांनी चष्मा चढवला. खोक्यावर त्यांचाच फोटो! गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, हात जोडलेले, डोळे मिटलेले. हा फोटो अप्पांच्या श्राद्धाच्या दिवशी काढलेला. हेरंबनेच हौसेने काढला होता, तुमचा एक चांगला फोटो अप्पांच्या शेजारी लावायचाय म्हणून. भिंतीवर तो कधी लागला नाही, आणि काकांनीही विचारलं नाही. इथे अमेरिकेच्या खोक्यावर आपण पोचलो म्हणून म्हातारा क्षणभर खूश झाला, खोटं कशाला सांगा.

मग त्यांनी खोका फिरवला. दुसऱ्या बाजूला झाडाचा पाला अंगावर छापल्यासारखे कपडे घातलेला एक माणूस गुडघ्यावर बसला होता. एका हातात बंदूक. दुसऱ्या हातात पंखा पसरावा तशी एका मोठ्या पक्ष्याची शेपटी धरलेली, आणि त्या पक्ष्याची मान लोंबत होती. मागे गवतात मादी बसलेली. तिचा डोळा ओळखायला काकांना चष्म्याची गरज नव्हती.

साहेबाला वाटलं, म्हाताऱ्याला नीट समजलं नाही. त्याने कौतुकाने फोन काढला आणि व्हिडिओ लावून काकांसमोर धरला. हेरंब मध्ये हात घालायला गेला, पण साहेबाने हसत हसत त्याचा हात बाजूला केला.

त्यात वसंत होता. झाडांना नवी पालवी, गवतावर कोवळं ऊन. मोकळ्या जागेत दोन माद्या आणि एक कोवळा नर मांडलेला. लांबून कुठून तरी नराची घुमणारी हाक आली. इकडून कोणी तरी मादीचा आवाज काढून तिला उत्तर दिलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, प्रत्येक वेळी हाक जवळ. मग झाडीतून तो आला. काय तो ऐटबाज पक्षी! काळंभोर अंग, त्यावर तांब्याची झाक. पण काठाशी आल्यावर तो थबकला. त्याने मान वर केली. जंगलातलं जनावर ते, त्याला काही तरी संशय आला होता, आणि परत फिरायला त्याने एक पाऊल मागे घेतलंसुद्धा. तेवढ्यात त्याने बसलेल्या मादीकडे पाहिलं. ती निवांत होती. तिने सांगितलं, इथे काही भ्यायचं नाही. मग तो पिसारा फुलवून उघड्यावर आला, सरळ तिच्यासमोर, आणि बार झाला.

साहेब सांगत होता आणि हेरंबला नाइलाजाने मराठीत सांगावं लागत होतं. दुसऱ्या कंपन्यांच्या माद्या पाहून हे म्हातारे नर परत फिरतात. मान ताठ असली, डोळा ताणलेला असला की त्यांना कळतं, काही तरी धोका आहे. काकांच्या मादीला बघून एकही परत फिरत नाही. चार वर्षं हुलकावण्या देणारा नर साहेबांना गेल्या एप्रिलमध्ये काकांमुळे मिळाला. शेवटचं वाक्य हेरंबने अगदी हळू सांगितलं.

काकांनी सही केली नाही. हात धुवायच्या नळाशी गेले आणि नळ सोडून तसेच उभे राहिले. साहेबाला काही तरी बिनसल्याचं कळलं, पण काय ते कळेना. हेरंबने त्याला टॅक्सीत बसवून दिलं आणि परत आला.

आखणीच्या कोपऱ्यात दोघेच होते. काका एरवी कारखान्यात साधी मराठी बोलत. रागावले की गाव वर यायचं.

"तुका म्हायत होता?"

हेरंबने इकडचं तिकडचं सुरू केलं. कारागीर टिकवायचे कसे, सहा महिने हातावर हात धरून बसायचं का, अप्पांचा कारखाना बंद पडू द्यायचा का. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं का, काका?"

बस्स. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अप्पांची अट ठाऊक, माळ ठाऊक, सकाळची आंघोळ ठाऊक. रोज लांब उभा राहून बघत होता तो काय बघत होता, ते काकांना आता समजलं. त्यांनी खोक्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. हे कशाला?

हेरंब खाली बघत म्हणाला, "माळ घातलेला माणूस बघितला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो." आणि मग समजूत काढावी तसा म्हणाला, "गोळी काय तुम्ही मारली नाहीत. तुम्ही फक्त रंग लावलाय."

काकांनी एवढंच सांगितलं की मंडळाच्या मूर्तीची आखणी माझ्याच्याने होणार नाही, हा हात आता त्या कामाचा राहिला नाही. हेरंबचं तोंड उतरलं. मंडळाची माणसं गुरुवारी येणार होती. तो काकांच्या पाया पडला, दोनदा. काका पाय मागे घेऊन घरी निघून गेले.

घरी बकुळाकाकूंनी ताट वाढलं. काका जेवेनात. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत दोघं बसली तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, खोक्यावरच्या फोटोपासून बंदुकीच्या बारापर्यंत. काकूंचा हेरंबवर भारी जीव. दिवाळीला पहिली करंजी त्याला. त्यांनी त्याची बाजू घेऊन बघितली. म्हणाल्या, पोरगा चुकला, पण मारणारे काय, मारणारच होते. अख्खी चाळ मासे खाते, मी खाते, तेव्हा तुमच्या अप्पांना कुठे राग आला?

काका म्हणाले, मारणारे मारतात, त्यांचं मी काय करू? पण मी त्या कोंबडीला भिऊ नको म्हटलं होतं. प्रत्येकीला. आणि तिने ते पुढे त्याला सांगितलं.

काकू त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "जन्मभर मासे घेतले मी. पण कोळणीने कधी माशाला जवळ घेऊन गोड बोललेलं नाही बघितलं." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हेरंबचं नाव त्या संध्याकाळी पुन्हा काढलं नाही.

काकांना झोप लागली ती पहाटेच. किती पक्षी मेले ते त्यांनी मोजलं नाही, मोजवतच नव्हतं. त्यांना सारखा तो एकच दिसत होता, पाऊल मागे घेतलेला. तो शहाणा होता. बरोबर जागी थबकला होता. त्याला फसवायला बंदूक पुरली नसती, आवाज पुरला नसता. त्याला हवी होती आपल्यातली कोणी तरी, जिच्या डोळ्यांत कपट नाही. आणि आपल्याला फसवायला काय हवं होतं, काकांच्या मनात आलं. लांब उभं राहून, हात मागे बांधून, आपल्या हाताकडे बघणारं आपलं पोर. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कूस बदलायचाही धीर होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कारखान्यात हजर. आंघोळ करून आले होते, पण माळ गळ्यात नव्हती. हेरंबला वाटलं, राग निवळला. त्याने चहा मागवला. काकांनी मूर्तीकडे पाठ केली, राहिलेल्या साठ कोंबड्या पुढ्यात ओढल्या आणि कामाला लागले. हेरंबचा जीव भांड्यात पडला.

तीन दिवस काका खाली मान घालून बसले होते. या वेळी मनात काही म्हणत नव्हते. वरची पापणी त्यांनी केसभर चढवली. उजेडाचा ठिपका खालच्या अंगाला न देता मधोमध ठेवला. कडेला पांढरी रेघ एवढीशी, नख लावावं इतकीच. असा डोळा त्यांनी आयुष्यात मुद्दाम काढला नव्हता. तो होऊ नये म्हणूनच तर हात घोटला होता. एकेक मादी खाली ठेवताना ती त्यांच्याकडे बघायची आणि बघवायची नाही. बंदुकीच्या टोकासमोर बसवलेल्या जिवाने जसं बघावं तशाच बघत होत्या साठच्या साठ. काका पुढचीला हात घालायचे. गवतात मांडल्यावर लांबून जो कोणी येईल, तो काठावरूनच परत जाईल, एवढीच त्यांची मागणी होती.

बुधवारी संध्याकाळी काम संपलं. उद्या मंडळाची माणसं येणार, आणि हेरंब सकाळपासून काकांभोवती घुटमळत होता. विषय कसा काढावा ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ओळीतली एक कोंबडी उचलली. काकांनी ब्रश खाली ठेवला. त्यांना वाटलं, आता कळेल. पंचवीस वर्षं पाटीवर गिरवून घेतलंय, कळणारच. ओरडेल, भांडेल, साठ कोंबड्या फुकट घालवल्या म्हणेल. ओरडला असता तर काकांनी त्याला माफ केलं असतं की नाही कोण जाणे, पण बोलले असते त्याच्याशी, एवढं नक्की.

हेरंबने कोंबडी उजेडात धरली. डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. मग कौतुकाने मान हलवली.

"काय बसलीय बघा निवांत," तो म्हणाला. "तुमचा हात तो तुमचाच, काका."

मग लगेच त्याने मूर्तीचं विचारलं. काका म्हणाले, ते तू कर, सगळं शिकवलंय तुला. हेरंबला हे खरं वाटेना. अप्पांचा ब्रश शेवटी आपल्याला मिळाला म्हणून त्याचे डोळे भरून आले. त्याने तिथल्या तिथे पाटी घेतली, सरावाला एक डोळा काढला आणि लहानपणी धरायचा तशी ती काकांसमोर धरली.

वरची पापणी केसभर चढली होती.

काकांनी डोळा पाहिला. चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि खिशात ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर गेले.